उघड्या तारा

इंजिनीअरबाईंनी डबा उघडला, पहिला घास हातात घेतला, तेवढ्यात सबस्टेशनचा ऑपरेटर दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, झाडीकडची लाइन गेली. एकदा चालू करून बघितली, पण टिकतच नाही, लगेच बंद पडते."

लाइन टिकत नाही म्हणजे तारेवर काहीतरी पडलंय किंवा अडकलंय. बाईंनी डबा तसाच झाकला आणि जीप काढायला सांगितली. बरोबर तात्या निघाले. तात्या म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने वायरमन. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी साहेबांना तेवढं आठवायचं, बाकी सगळ्यांचे ते तात्याच.

ही लाइन सबस्टेशनातून निघून मोठ्या रस्त्याला धरून, मधूनमधून तो ओलांडत, झाडीतून जायची आणि पुढे अर्ध्या गावाला वीज द्यायची. रस्ता पूर्वी अरुंद होता. दोन्हीकडच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असायच्या आणि सोनेरी वानरं त्यांच्यावरून सहज इकडून तिकडे जायची. मग रस्ता रुंद झाला आणि वरचं ते छप्पर गेलं. वानरांना पलीकडे जायचं तर दोनच वाटा उरल्या. खाली गाड्या, वर तारा. त्यांनी तारा पत्करल्या. अंगावर सोनं फासल्यासारखी केसाळ, तोंडाने काळी, लांब शेपटाची ही वानरं फारच थोडी उरली होती. त्यातली बरीचशी रस्त्यापलीकडच्या रानात होती आणि अलीकडच्या या पट्ट्यात एकच कुटुंब राहिलं होतं.

जीप वळणावर आली तशी गर्दी दिसली. लोक गाड्या थांबवून, मोबाइल वर धरून उभे होते.

"आलं लक्षात," तात्या म्हणाले.

खांबाच्या आडव्या लोखंडावर एक मादी ओणवी पडली होती. तिचा एक हात तारेला चिकटला होता, शेपूट खाली लोंबत होतं. ती गेलेली होती, त्यात शंकाच नव्हती. पण तिच्या पोटाशी काहीतरी हललं. बाईंनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. पिल्लू होतं. आईच्या केसांत बोटं रुतवून ते पोटाशी घट्ट बसलं होतं आणि मधूनमधून बारीक चिरका आवाज काढत होतं.

तात्यांनी लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली, तारा जमिनीला जोडल्या, कमरेला पट्टा बांधला आणि चढायला सुरुवात केली. ते अर्ध्यावर गेले असतील नसतील, शेजारच्या झाडावरून एक थोराड नर सरसर खांबावर आला. त्याने दात विचकले आणि तात्यांच्या बाहीवर झडप घातली. बाही टर्रकन फाटली. तात्या घसरतच खाली आले. दंडावर रक्त आलं होतं.

"हा काही मला वर जाऊ देत नाही," ते धापा टाकत म्हणाले. "बायको आहे त्याची. कसा जाऊ देईल?"

नर मादीपाशी जाऊन बसला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली जमलेल्या माणसांकडे बघत राहिला.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. बाईंनी काय झालंय ते थोडक्यात सांगितलं.

"मग लांब बांबू घ्या, चार हिसके द्या, सुटेल," साहेब म्हणाले. "तो नरही पळेल. माझ्याकडे तक्रारींचा पाऊस पडतोय."

"साहेब, मादीच्या पोटाला पिल्लू आहे. जिवंत आहे."

"मग?"

बाईंनी खाली बघितलं. खांबाखाली रस्त्यासाठी फोडलेल्या कातळाचे धारदार कपचे पसरले होते. चिकटलेला हात हिसक्यांनी सुटायचा तेव्हा सुटला असता, पण त्याआधी पिल्लू त्या दगडांवर भिरकावलं गेलं असतं.

"वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावते साहेब. त्या येईपर्यंत थांबू."

"तुमची जबाबदारी," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

वानरांची डॉक्टर डोंगरापलीकडच्या केंद्रात होती. बाईंची तिची तोंडओळख होती. यापूर्वीही दोनदा मेलेली वानरं न्यायला ती आली होती. बाईंनी फोन लावला तशी, "निघालेच," ती म्हणाली. "कोणालाही काठी लावू देऊ नकोस. त्या कुटुंबात पिल्लू घातलेली ती एकच मादी होती."

बाईंनी फोन खिशात टाकला, तोच तो पुन्हा वाजला. या वेळी नवरा होता.

"लाइट कधी येतेय गं?"

आपलं घर याच लाइनवर आहे, हे एवढा वेळ त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं. घरी सासरे होते. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करून धूर आणि धूळ छातीत साठवलेले. आता दिवसरात्र नाकाला नळी आणि उशाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. ते मशीन विजेवर चालायचं. "सूनबाई, मी तुझ्या खात्याचा खरा ग्राहक," ते म्हणायचे. "बाकीच्यांचे नुसते पंखे बंद पडतात. माझा गाडाच थांबतो."

"बाबांना सिलिंडर लावलास ना?" तिने विचारलं.

"लावलाय. पण तो भरून आणायचा राहिला होता. काटा खाली आलाय. काय झालंय तिकडे?"

"तारेवर अडकलंय काहीतरी. काढतोय."

काय अडकलंय ते तिने सांगितलं नाही. तो शाळेत शिकवून नुकताच घरी आला असेल, बूटही काढले नसतील, आणि त्याला असलं काही समजावत बसण्याइतका धीर आपल्यात नाही, हे तिला माहीत होतं.

वेळ चालला होता. पिल्लाचा आवाज बारीक होत होता. मधूनच ते आईच्या छातीशी तोंड नेई, चाचपडे, पुन्हा चिरके. गर्दीतला एकजण म्हणाला, "अरे, दूध पितंय बघ." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कुटुंबातली बाकीची वानरं मागच्या फांद्यांवर दाटीवाटीने बसली होती. एकही हलत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. नवऱ्याचा आवाज बदलला होता.

"बाबांचे ओठ निळे पडायला लागलेत. तू लाइन चालू करू शकतेस का, एवढंच सांग."

तात्यांनी जीपमधून बांबू काढून खांबाला टेकवून ठेवला होता. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी त्या बांबूकडे पाहिलं. चार हिसके. मग ऑपरेटरला एक फोन. मशीन सुरू.

"बाबांना हॉस्पिटलमध्ये ने," ती म्हणाली. "शेजारच्या काकांची गाडी घे. आत्ता नीघ. तिथली लाइन वेगळी आहे."

"म्हणजे तू करू शकतेस."

तिला खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हो. पण इथे एक पिल्लू..."

फोन बंद झाला होता.

बाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. आपण काय केलं हे त्यांना कळत होतं आणि कळत नव्हतंही. सासऱ्यांना काही झालं तर या दगडावरून उठून कुठे जायचं, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. दोनदा त्या उठल्या, बांबूपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या.

डॉक्टरची गाडी आली तेव्हा उन्हं तिरकी झाली होती. तिने फुंकनळीत भुलीची सुई भरली, नेम धरला आणि नराच्या मांडीत मारली. खाली मदतीला आलेली सबस्टेशनची माणसं तिने आणलेलं जाळं ताणून उभी राहिली. नर थोडा वेळ झोकांड्या खात मादीपाशी टिकून राहिला, मग त्याची पकड सुटली आणि तो जाळ्यात आला. तात्या पुन्हा चढले. त्यांनी पिल्लाची बोटं आईच्या केसांतून एकेक करून सोडवली आणि त्याला शर्टाच्या आत घालून खाली आणलं. ते मुठीएवढं होतं. एका तळव्याची कातडी जळून काळी पडली होती.

"दूध लागेल, ऊब लागेल. बघू या," डॉक्टर म्हणाली. ती कधी आशाही दाखवत नसे आणि निराशाही.

मादीला खाली घेऊन नराला शुद्धीवर यायला झाडाखाली ठेवल्यावर बाईंनी ऑपरेटरला फोन केला. "चालू कर." आणि जीप थेट हॉस्पिटलकडे घ्यायला सांगितली.

सासरे वाचले. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. नवरा बाकावर बसला होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पिल्लू वाचलं ना? मग झालं." त्यानंतर कितीतरी दिवस त्याने तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ती ताट वाढायची, तो जेवायचा. भांडण झालं असतं तर बरं, असं तिला वाटायचं.

सासरे मात्र शुद्धीवर आल्या आल्या भांडले. तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणाले, "माकडासाठी मला घुसमटवलंस? मी काय वाटेवर पडलोय?" धाप लागली म्हणून नर्सने मास्क पुन्हा बसवला, तर मास्कच्या आतूनही ते काहीतरी बोलत राहिले.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी सकाळीच वानरांच्या डॉक्टरचा फोन आला होता. पिल्लू गेलं. हाताची जखम चिघळली, विष अंगभर पसरलं. तिने ते दोन वाक्यांत सांगितलं.

संध्याकाळी बाई नळी सारखी करत होत्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. राग निवळला होता. डोळे म्हातारे, पाणावलेले.

"काय गं, ते जगलं का?"

"जगलं, बाबा," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला वाटलं, उद्या सांगू. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय खाल्लं त्याने?" आणि ती म्हणाली, "बाटलीने दूध पितं." मग दर संध्याकाळी चौकशी सुरू झाली. दात आले का, झाडावर चढतं का, खोड्या करतं का. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सासरे सांगत, "माझ्या वाटणीच्या हवेवर जगलंय ते. एका अर्थी माझं नातवंडच." लोक हसत. बाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहत. मेलेल्या जिवाचे दात, त्याच्या खोड्या रोज रचून सांगायच्या, आणि त्या ऐकून एका माणसाचा चेहरा फुलतो ते बघायचं. हे फार दिवस निभणार नाही, हे तिला कळत होतं.

आणि मग त्याच वळणावर आणखी एक वानर गेलं. या वेळी कोवळा नर होता, पोटाला काही नव्हतं. तात्यांनी त्याला उतरवलं आणि लाइन लगेच चालू झाली. साहेब खूश होते. बाई घरी आल्या आणि सासऱ्यांच्या पलंगाजवळ खाली बसल्या.

"बाबा, ते पिल्लू त्याच आठवड्यात गेलं. मी खोटं बोलत होते."

त्यांनी नाकातली नळी चाचपली. मग त्यांनी विचारलं, "मग मला कशाला घुसमटवलंस?"

यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या ढसाढसा रडल्या. दारात उभा असलेला नवरा आत आला आणि तिच्याजवळ बसला.

सकाळी सासऱ्यांनी फोन मागून घेतला आणि वीज खात्याच्या तक्रार केंद्राला लावला.

"ग्राहक बोलतोय. आमची लाइट सारखी जाते. कारण? कारण मी सांगतो ना. वळणावरच्या तुमच्या तारा उघड्या आहेत. वानर चिकटतं, लाइट जाते, माझं मशीन बंद पडतं. तारांवर आवरण घाला. हो, लिहून घ्या. मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. बसमधल्या गर्दीला वर्षानुवर्षं पुढे सरकायला लावलेला आवाज होता तो. धाप लागली तरी दबत नव्हता. तक्रार केंद्रातल्या मुली त्यांना आवाजावरून ओळखायला लागल्या. त्यांनी वरच्या साहेबाचा नंबर मिळवला, मग त्याच्याही वरच्याचा. शेवटी मोठे साहेब बाईंना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अहो, तुमच्या सासऱ्यांना आवरा."

"ते ग्राहक आहेत साहेब," बाई म्हणाल्या. "घरचं माणूस म्हणून मी काय सांगणार?"

आवरण मंजूर झालं. पण फक्त वळणावरच्या दोन खांबांमधल्या तारांपुरतं. बाकीच्या लाइनचं नंतर बघू, असं वरून आलं. आणि ते "नंतर" कसं असतं, ते खात्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी ज्या दिवशी तात्यांनी तारांवर काळ्या नळ्या चढवल्या त्या दिवशी वानरांची डॉक्टर मुद्दाम आली. ती आणि बाई रस्त्याच्या कडेला चहा पीत बसल्या. डॉक्टर म्हणाली, "अलीकडच्या कुटुंबाला पलीकडे जाता आलंच पाहिजे. जोडीदार तिकडे आहेत, खाणं तिकडे आहे. इथेच कोंडली गेली तर ही दोनचार वर्षांत संपतील. आता एकच तरुण मादी उरलीये त्यांच्यात." मग पहिल्यांदाच ती जरा हसली. "एवढं झालं तरी खूप झालं."

ते समाधान फार टिकलं नाही. वळणाच्या पलीकडच्या अंगाला कोणीतरी गाड्या लावायला मैदान करायला घेतलं आणि तिथली झाडं साफ झाली. आवरण घातलेली तार आता मोकळ्या मैदानात उतरत होती. वानरं तिकडे कशाला जातील? बाईंनी रस्त्याच्या खात्याकडे खेटे घातले, वनखात्याच्या साहेबांपुढे हात जोडले. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत होता. जमीन खाजगी आहे, परवानगी आहे, आता काही होत नाही. त्यांनी हात टेकले.

त्या संध्याकाळी त्या ऑफिसातून एकट्याच स्कूटरने घरी निघाल्या होत्या. वळण मागे टाकून थोडं पुढे आल्या आणि त्यांनी कचकन ब्रेक दाबला. कुटुंब रस्त्याकडेच्या झाडावर आलं होतं. समोर उघड्या तारा होत्या आणि पलीकडे झाडी शिल्लक होती. थोराड नर खांबावर उतरला होता. त्याचा हात तारेकडे चालला होता.

बाईंनी फोन लावला. "झाडीकडची लाइन बंद कर. आत्ता. या क्षणी."

"मॅडम, कारण काय लिहू?" ऑपरेटरने विचारलं.

"बंद कर आधी."

दूर वस्तीतले दिवे गेले. आपल्या घरातलंही मशीन थांबलं असणार. नराने तार धरली. काही झालं नाही. तो हातापायांनी तोल सावरत पुढे सरकला. त्याच्यामागे एक म्हातारी मादी, मग दोन अर्धवट वयाची पोरं. खालून ट्रक घोंघावत जात होते. बाई रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाड्यांना हात करत होत्या. गाडीवाले शिव्या देत होते.

फोन वाजला. नवऱ्याचा होता. "बाबांना सिलिंडर लावलाय. भरलेला आहे," तो म्हणाला. "तू वानरांपाशी आहेस का?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लगेच साहेबांचा आला. तिने उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. मग ऑपरेटरचा आला, रडकुंडीला आलेला. "मॅडम, साहेब केबिनमधून दुसऱ्या फोनवर आहेत. म्हणतात, मॅडमनी कारण नाही सांगितलं तर मी येऊन चालू करतो. माझी नोकरी जाईल."

सगळी पलीकडे गेली होती. एक सोडून. ती तरुण मादी अजून अलीकडच्या खांबावर होती. ती तारेवर पाऊल टाकायची, खालून हॉर्न वाजला की मागे यायची. पलीकडून नर हाका घालत होता. ती पुन्हा पुढे व्हायची, पुन्हा मागे.

"चल गं बाई, चल," बाई खालून म्हणत होत्या. "जा ना. जा."

"मॅडम, काय करू?"

"थांब. थोडं थांब."

"साहेब स्वतः स्विचच्या पॅनेलपाशी येऊन उभे राहिलेत, मॅडम."

मादी तारेवर बसली होती. एक हात एका तारेवर, शेपूट दुसरीला टेकलेलं. वीज येताच ती गेली असती. बाई खाली वाकल्या, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि जिवाच्या आकांताने तिच्यावर फेकला. तो खांबाला लागला. दुसरा तिच्या पाठीत बसला. मादीने दचकून खाली पाहिलं. त्या काळ्या चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना बघवलं नाही. त्या ओरडत होत्या, रडत होत्या आणि दगडामागून दगड मारत होत्या. मादी तारेवरून मागे फिरली, खांबावरून उडी मारून अलीकडच्या झाडीत शिरली आणि आत आत जात दिसेनाशी झाली.

"चालू कर," बाई फोनवर म्हणाल्या.

वस्तीत दिवे आले. रस्त्यावरची वाहतूक पुन्हा भरधाव सुटली. पलीकडच्या झाडीतून नराची हाक आली. थोड्या वेळाने अलीकडून, एकटीची, उत्तर आलं. मग तिकडून पुन्हा, इकडून पुन्हा. बाईंच्या हातात अजून एक दगड होता. तो खाली टाकायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत त्या स्कूटरपाशी तशाच उभ्या राहिल्या. ती पुन्हा तारेकडे येऊ नये म्हणून.